पंधरा रुपयांचा मास्तर

जून उजाडला की नागपूरच्या गांधीबागेतील ठोक कापडबाजारात गणवेशाच्या कापडाचे गठ्ठे हलू लागतात. ज्या शाळांसाठी हे कापड जाते, त्यांच्याविषयी त्याच दिवसांत दोन बातम्या येतात. पहिली बातमी अशी की शहरातील इतके शिक्षक 'अतिरिक्त' ठरले, त्यांचे समायोजन करावयाचे आहे. दुसरी अशी की राज्यात शिक्षकांची हजारो पदे रिक्त आहेत. वाचणाऱ्याला दोहोंपैकी एक खोटी वाटते. वस्तुतः दोन्ही खऱ्या असतात.

शिक्षक कमी आणि शिक्षक जास्त, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी ठरतात? हा धागा त्या प्रश्नाचा आहे. त्याचे उत्तर शोधताना सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते, आणि वाटेत एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो : मास्तरचा पगार.

१८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. स्टीफन हिस्लॉप यांची मिशन शाळा त्याआधीच, १८४६ मध्ये सुरू झालेली होती. पुढे सरकारी शिक्षण खाते आले, शिक्षक घडविण्यासाठी नॉर्मल स्कूल आले. मात्र माध्यमिक शाळेतील शिक्षकाला प्रशिक्षणासाठी दीर्घकाळ जबलपूर गाठावे लागे. प्रांताचे ट्रेनिंग कॉलेज तिथे होते. राजधानी नागपूरला आणि मास्तर घडवण्याची जागा जबलपूरला, अशी ती व्यवस्था.

त्या काळचा प्राथमिक शिक्षक किती मिळवत असे, याहून किती मिळवायला हवे होते याची साक्ष अधिक बोलकी आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांविषयी स्पष्ट मागणी केली : प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा १२ रुपयांहून कमी पगार असू नये, मोठ्या गावात तो १५ ते २० रुपये असावा. पगाराबरोबर त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. शिक्षक शेतकरी वर्गातून यावा, गावकऱ्यांत मिसळणारा असावा, वेळ पडल्यास नांगराला हात लावताना त्याला कमीपणा वाटू नये. मास्तर किती हवेत यासोबत मास्तर कोणाला होऊ दिले जाते, हाही प्रश्न त्यांनी आयोगापुढे ठेवला होता.

त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नागपूरने फार कठोरपणे दिले. जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ चा, समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या महार कुटुंबातला. नागपूर-कामठी मार्गावर डोक्यावरून ओझी वाहण्याचे काम त्या करीत. एका मिशनरी बाईंचे त्यांच्याकडे लक्ष गेले, आणि दरमहा ४ रुपयांवर त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली. शिकविणारी बाई कोणत्या जातीची आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली. नोकरी गेली, जाईबाई पुन्हा हमालीवर गेल्या.

शिक्षिकांची वानवा असलेल्या काळात, शिकवू शकणारी बाई शहरात हजर असताना, तिला ओझी वाहायला परत पाठवले गेले. टंचाई मोजणाऱ्या कोणत्याही तक्त्यात ही नोंद सापडत नाही. जाईबाईंनी मात्र १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा स्वतःच काढली.

पुढचा टप्पा १९३७ चा. प्रांतिक स्वायत्ततेनंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि तिजोरीचे खरे स्वरूप समोर आले. प्रांताच्या शिक्षणखर्चाला मोठा आधार अबकारीचा, म्हणजे दारूवरील कराचा होता. काँग्रेसला दारूबंदीही हवी होती आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षणही. एकाने दुसऱ्याचा पैसा बुडणार, हे उघड होते.

गांधीजींनी त्या कोंडीवर सुचवलेला मार्ग म्हणजे उद्योगातून शिक्षण, आणि मुलांच्या हातून तयार झालेल्या मालाच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम' या नावाने ती देशभर पोचली. तिच्यातील शिक्षणविचारावर आजही आदराने लिहिले जाते. तिच्या मुळाशी मास्तरच्या पगाराचा हिशेब होता, ही गोष्ट सहसा मागे पडते.

नागपूरच्या मंत्रिमंडळात शिक्षणखाते पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे होते. त्यांनी आखलेली 'विद्यामंदिर योजना' वर्धा योजनेची सख्खी बहीण, पण हिशेब जमिनीचा. ज्या गावांत शाळा नाही तिथे दात्याने शेतजमीन द्यावी, तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे २०० रुपये असावे, आणि त्यावर शाळा व शिक्षक दोन्ही चालावेत. शिक्षकाचा पगार ठरला दरमहा १५ रुपये. सोबत दीर्घकाळ सेवा करण्याची लेखी प्रतिज्ञा.

गणित करून पाहावे. महिना १५ म्हणजे वर्षाला १८० रुपये. २०० रुपयांच्या उत्पन्नातून मास्तर वजा केल्यावर फळा, खडू, छप्पर आणि दुष्काळाचे वर्ष यांसाठी उरतात २० रुपये. शिवाय फुल्यांनी मोठ्या गावातील मास्तरसाठी किमान म्हणून सांगितलेला आकडाही १५ च होता. मधे ५६ वर्षे गेली होती.

तरीही अर्ज आले, आणि उपलब्ध जागांच्या कित्येक पट आले. एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्याच्या विद्यामंदिर प्रशिक्षण शाळेचा आरंभ गांधीजींच्या उपस्थितीत झाला. इतक्या तुटपुंज्या पगारावर आयुष्याची उमेदीची वर्षे लिहून द्यायला तरुण रांगेत उभे होते, यात त्यागाची भावना निश्चित होती. जागतिक मंदीतून नुकत्याच बाहेर येणाऱ्या देशातील सुशिक्षित बेकारीही त्याच रांगेत उभी होती. त्या रांगेचे गुणगान करताना दुसरा भाग विसरला जातो.

योजना फार पुढे गेली नाही. 'मंदिर' या शब्दावर मुस्लिम समाजातून तीव्र हरकत आली, मुस्लिम लीगने तो राजकीय प्रश्न केला. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली आणि विद्यामंदिरे मागे राहिली. राहिली ती कल्पना : मास्तर हवा, पण त्याचा कायमचा भार तिजोरीवर नको. या कल्पनेला पुढे बरेच आयुष्य लाभले.

स्वातंत्र्यानंतरचा काळ मात्र निराळा गेला, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. विदर्भातील ग्रामीण शाळा आधी जनपद सभांकडे होत्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. शहरात, म्हणजे गांधीबाग, महाल, इतवारी, मोमिनपुरा या जुन्या वस्त्यांत, ती जबाबदारी महापालिकेची. माध्यमिक शिक्षण खासगी संस्थांनी उभे केले आणि सरकारने त्यांच्या शिक्षकांचे पगार अनुदानातून दिले. संस्था नेमणूक करते, सरकार पगार देते, अशी ही महाराष्ट्राची विशेष रचना. या रचनेने गावोगाव हायस्कुले आणली. नेमणूक करणारा हात आणि पगार देणारा हात वेगळे राहिल्याने दोहोंच्या मधे एक जागा मोकळी राहिली. तिचा उल्लेख पुढे येईल.

संस्थाचालकाच्या मर्जीवर जगणाऱ्या शिक्षकाला कायद्याचे कवच मिळाले ते १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियमाने. १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. मास्तरला चौकशीशिवाय घरी पाठवता येईना, दाद मागायला शाळा न्यायाधिकरण मिळाले. विधान परिषदेत तर शिक्षकांचे ७ प्रतिनिधी बसतात, त्यांत नागपूर विभागाचा एक. यात एक विसंगती अशी की मताचा अधिकार माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांनाच आहे. अक्षर ओळख करून देणारा प्राथमिक शिक्षक त्या मतदारयादीत नसतो.

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत विदर्भातील मध्यमवर्गीय घरांत 'मास्तरकी' म्हणजे सुरक्षित आयुष्य, निवृत्तिवेतन, लग्नाच्या बाजारात पत. बहुजन समाजातील पहिल्या शिकलेल्या पिढीला तर तोच सर्वांत जवळचा दरवाजा होता. आजच्या टंचाईची चर्चा करताना त्या दरवाजाचे मोल ध्यानात ठेवावे लागते; तो बंद होऊ लागला तेव्हा आवाज कोणाच्या घरात झाला, हे त्यावरून कळते.

२००० साली 'शिक्षण सेवक' हे पद आले. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधनावर राहील, काम मात्र पूर्ण शिक्षकाचे करील. 'सेवक' या शब्दाची निवड लक्षणीय आहे. १९३८ च्या प्रतिज्ञापत्राशी त्याचे नाते लपत नाही. हे मानधन दीर्घकाळ प्राथमिकसाठी ६,०००, माध्यमिकसाठी ८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी ९,००० रुपये राहिले. १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. ज्यांनी आधीचे आकडे घेऊन भामरागड किंवा मेळघाटातील शाळेजवळ खोली भाड्याने घेतली, त्यांचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

त्याच सुमारास 'कायम विनाअनुदानित' या अटीवर शाळांना परवानग्या दिल्या गेल्या. शाळा काढा, अनुदान कधीही मागू नका. संस्थांनी शाळा काढल्या, शिक्षक नेमले, आणि ते शिक्षक एक ना एक दिवस अनुदान मिळेल या आशेवर नाममात्र पैशांत, कित्येकदा तेही न घेता शिकवू लागले. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द वगळण्यात आला. एक विशेषण गेले, पण अनुदान २० टक्के, ४० टक्के अशा पायऱ्यांनी आणि वर्षानुवर्षांच्या अंतराने येत राहिले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजनाही गेली होती. म्हणून दर डिसेंबरला नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा मोर्च्यांच्या गर्दीत शिक्षकांचे फलक हमखास असतात. २०२३ च्या नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत जुनी पेन्शन हाच मुख्य मुद्दा ठरला आणि दोन वेळचे आमदार पराभूत झाले.

एकीकडे जागा आटत असताना दुसरीकडे उमेदवार घडवण्याचा कारखाना जोरात होता. शतकाच्या पहिल्या दशकात डी.एड. महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत निघाली. बारावीनंतर दोन वर्षे आणि लगेच नोकरी, अशी समजूत होती. काही वर्षे ती खरीही होती. शेत गहाण टाकून, दागिने मोडून मुलामुलींना डी.एड. केले गेले. २०१० मध्ये शिक्षणसेवक भरतीची सामायिक परीक्षा झाली आणि त्यानंतर दार लागले.

दार लागण्याचे कारण पटसंख्येत होते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. हजेरीपटावर असलेली लाखो मुले वर्गात नव्हतीच. मुलांच्या संख्येवर शिक्षकांची पदे ठरतात. मुले कागदी निघाली की त्यांच्यावर उभी असलेली पदेही कोसळतात. त्या पदांवरील माणसे मात्र हाडामांसाची होती. ती अतिरिक्त ठरली, आणि २ मे २०१२ रोजी सरकारने निर्णय घेतला की अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती नाही.

बोगस पट ज्यांनी दाखवला त्यांच्यापैकी फार थोड्यांना काही भोगावे लागले. शिक्षा भोगली ती तेव्हा विशीत असलेल्या डी.एड., बी.एड. झालेल्या मुलांनी, ज्यांचा त्या पटाशी काडीचा संबंध नव्हता. पुढची मोठी शिक्षकभरती 'पवित्र' पोर्टलवरून २०१९ मध्ये झाली, तिच्यासाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ ची. तिच्यानंतरची मोठी फेरी २०२४ ची. २०१० मध्ये वीस वर्षांचा असलेला पदविकाधारक २०१९ ला एकोणतिशीत आणि २०२४ ला चौतिशीत होता. खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण वयोमर्यादा ३८. मधल्या काळात त्याने शिकवणी घेतली, दुकानात हिशेब लिहिला, किंवा एखाद्या इंग्रजी शाळेत नोकरी धरली.

टंचाई कृत्रिम असली की काळा बाजार भरतो, हे कापडाच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, घोटाळा डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघड केला. २०१९ च्या परीक्षेतील साडेसात हजारांहून अधिक उमेदवार गैरप्रकारात सापडले. एप्रिल २०२५ मध्ये नागपूर विभागात 'शालार्थ' प्रकरण बाहेर आले. शालार्थ ही शिक्षकांच्या वेतनाची संगणकीय प्रणाली. तिच्यातील ओळखक्रमांकाशिवाय पगार निघत नाही. मागील तारखांच्या नेमणुका दाखवून, बनावट कागदांवर असे क्रमांक तयार केल्याचा आरोप झाला, शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. न्यायालयाचा निर्णय व्हायचा आहे. पण मागील तारखाच का लागल्या, याचे उत्तर मे २०१२ च्या बंदीत आहे. नेमणूक करणारा हात आणि पगार देणारा हात यांच्या मधली जी मोकळी जागा वर सांगितली, ती हीच.

आता पुन्हा गांधीबागेकडे. महापालिकेच्या दहा झोनपैकी एक या वस्तीच्या नावाचा. जुन्या शहराच्या या भागात मराठी, हिंदी आणि उर्दू शेजारी शेजारी बोलल्या जातात. बाजार वाढला तसे राहत्या घरांची दुकाने आणि गोदामे झाली, कुटुंबे शहराच्या कडेला सरकली, उरलेल्यांची मुले इंग्रजी माध्यमात गेली. पालिकेच्या मराठी शाळांचा पट घसरला. काही बंद पडल्या, काही दुसऱ्या शाळांत मिसळल्या. शिक्षक मात्र वर्गांइतक्या वेगाने कमी होत नाहीत. म्हणून इथे शिक्षक अतिरिक्त. त्याच वेळी गडचिरोलीच्या आडवाटेच्या शाळेत एक शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसलेला असतो.

मग इथला शिक्षक तिकडे का जात नाही? पहिली अडचण नोकरी देणाऱ्याची. महापालिकेचा, जिल्हा परिषदेचा आणि खासगी संस्थेचा शिक्षक हे तीन वेगळ्या आस्थापनांचे नोकर. एकाची ज्येष्ठता दुसऱ्याच्या यादीत सहज बसत नाही. दुसरी माध्यमाची. मराठी शिक्षक उर्दू शाळेतील रिकामी जागा भरू शकत नाही. उर्दू शाळांचे तर वेगळेच दुखणे : आरक्षणाच्या बिंदुनामावलीत जी पदे अनुसूचित जाती-जमातींसाठी येतात, त्यांना उर्दू माध्यमाचे उमेदवार सहसा मिळत नाहीत आणि ती पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात. तिसरी विषयाची. भाषा-समाजशास्त्राचा माणूस अतिरिक्त असतो, गणित-विज्ञानाचा हवा असतो.

आणि चौथी, सर्वांत निर्दय अडचण संचमान्यतेची. दरवर्षी पट मोजून शाळेला किती शिक्षक मंजूर, हे त्या कागदावर ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून ९० पर्यंत तीन. साठ मुले आणि पाच इयत्ता असलेल्या शाळेत दोघांनी पाच वर्ग कसे सांभाळायचे, हे तक्ता सांगत नाही. मार्च २०२४ च्या सुधारित निकषांनी लहान पटाच्या उच्च प्राथमिक व माध्यमिक वर्गांची स्थिती आणखी बिकट केली.

त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. महाराष्ट्रासह वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या प्रकरणांवर न्यायालयाने म्हटले की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. पाचहून कमी वर्षे उरलेल्यांना सेवेत राहता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेले गुरुजी आणि बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर बालमानसशास्त्राची पुस्तके घेऊन बसले. २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला कित्येक केंद्रांवर ते आणि त्यांचे जुने विद्यार्थी एकाच वर्गात होते.

शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्याच्या नागपुरी उन्हात, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांचे शिक्षक डोक्याला रुमाल बांधून घरोघर फिरताना दिसतात. दार वाजवतात, पुस्तके मोफत, गणवेश मोफत, पोषण आहार मिळेल, असे सांगतात. शेजारच्या शाळेचे शिक्षक त्याच गल्लीत दुसऱ्या टोकाकडून येत असतात. दोघांनाही एकसष्टावे मूल हवे असते.